परदेशातून: दोन जिझेल आणि आपलं भांडण

परवा आमच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला. एका जुन्या संगीत नाटकाचा कापून दोन तासांत बसवलेला प्रयोग कोणीतरी बघून आलं, पदं निम्मी, जोडीला कीबोर्ड, आणि मग दिवसभर मेसेज, एक बाजू म्हणते वाट लावली, दुसरी म्हणते असं केलं नाही तर तरुण मुलं येणारच नाहीत. मी इथे लंडनमध्ये बसून ते सगळं वाचत होते आणि मला सारखी जिझेल आठवत होती.

जिझेल हा 1841 साली पॅरिसमध्ये आलेला बॅले. गावातली भोळी मुलगी वेष बदलून आलेल्या सरदाराच्या प्रेमात पडते, फसवणूक कळल्यावर वेडी होते आणि मरते, मग दुसऱ्या अंकात लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं, म्हणजे विली, पांढऱ्या कपड्यांत येतात आणि पुरुषांना मरेपर्यंत नाचायला लावतात. इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी अक्रम खानने 2016 मध्ये हाच बॅले नव्याने केला. खान लंडनचाच, कथक शिकलेला. त्याच्या जिझेलमध्ये गाव नाहीच, कपड्यांच्या कारखान्यातून बाहेर फेकले गेलेले स्थलांतरित कामगार आहेत, स्टेजवर एक प्रचंड भिंत आहे आणि भिंतीपलीकडे श्रीमंत मालक. विलींच्या हातात लांब काठ्या. संगीतसुद्धा मूळ संगीतकार आदामचं जसंच्या तसं नाही, विन्चेन्झो लामान्याने त्यातले धागे घेऊन नवीन रचलंय. काठ्या घेऊन त्या बायका पॉइंटवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर, पुढे सरकायला लागल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई होत्या, मध्यंतरात म्हणाल्या मला नाही आवडत हे, ती फुलाच्या पाकळ्या तोडते तो सीन नाही तर जिझेल कसली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, असू दे, माझी जिझेल जानेवारीत आहे. आणि खरंच होती, त्याच कंपनीने 2017 च्या जानेवारीत मेरी स्कीपिंगने बसवलेली पारंपरिक जिझेल लंडनच्या कोलिझियम थिएटरला केली.

मला वाटतं सगळा फरक इथे आहे. इथले प्रेक्षक आपल्यापेक्षा मोकळ्या मनाचे वगैरे अजिबात नाहीत. मॅथ्यू बोर्नने 1995 मध्ये स्वान लेक या बॅलेमधले हंस पुरुष केले तेव्हा लोक उठून गेलेच होते. पण उठून जाणाऱ्याला माहीत असतं की जुना स्वान लेक कुठे जात नाहीये, पुढच्या सीझनला कोणीतरी करणारच आहे. आपल्याकडे नवीन प्रयोग आला की जुना संपला अशी भीती असते, आणि ती भीती खोटी नाहीये, म्हणून मला चिडणाऱ्यांचा राग येत नाही.

आणि हे जुनं आपोआप टिकलेलं नाही हो. रशियात 1890 च्या दशकापासून स्टेपानोव्ह पद्धतीने नाच कागदावर लिहून ठेवत होते, क्रांतीनंतर निकोलाय सर्गेयेव्हने त्या वह्या देशाबाहेर आणल्या, 1930 च्या दशकात लंडनला त्यांच्यावरून बॅले बसवले गेले, आज त्या हार्वर्डला आहेत. गंमत अशी की 1999 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरने त्याच वह्यांवरून स्लीपिंग ब्यूटी 1890 सारखी उभी केली तर तिथल्याच अनेकांना ती पटली नाही, कारण त्यांच्या मनातली 'मूळ' स्लीपिंग ब्यूटी होती सोव्हिएत काळात नव्याने बसवलेली, 1952 ची! आपण लहानपणी जे बघितलं तेच मूळ, हे सगळीकडे सारखंच.

अर्थात नवीन म्हणून सगळंच मला चालतं असं नाही. नाचावर विश्वास नसला की दिग्दर्शक स्टेजवर मोबाईल आणि व्हिडिओ आणून ठेवतात, ते मला बघवत नाही. आणि ला बायादेर या बॅलेला मात्र मीच बदल मागणारी होते. 1877 चा, कधीही भारतात न आलेल्या पेतीपा या नृत्यदिग्दर्शकाने कल्पनेतून उभा केलेला भारत, देवळातली नर्तकी, फकीर, आणि आजूबाजूचे लोक खूश होऊन टाळ्या वाजवतायत, मला तिथे बसवेना. पण त्यातला सावल्यांचा प्रवेश, उतारावरून एकेक नर्तकी तीच एक हालचाल करत खाली येते, शेवटी अख्खं स्टेज पांढरं होतं, त्याला कोणी हात लावला तर मी ग्रुपवरच्या काकांपेक्षा जास्त भांडेन.

मी ग्रुपवर एवढंच विचारलं की त्या नाटकाचा सगळ्या पदांसकट पूर्ण प्रयोग शेवटचा कोणी आणि कधी बघितला, कुठे रेकॉर्डिंग आहे का. दोन दिवस झाले, एकच उत्तर आलंय. "लहानपणी, आजोबांबरोबर."