सही करताना इंजिनिअर कंपनीचा, पैसे देताना कोणाचाच नाही

मी बांधकाम कंपनीकडून गिलाव्याचे काम घेणारा सब-कॉन्ट्रॅक्टर. आज कंपनीच्या बिलिंग विभागाने माझे बाहेरच्या गिलाव्याचे आरए बिल (काम चालू असताना झालेल्या कामापुरते दिलेले बिल) पुन्हा परत पाठवले. दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या संयुक्त मोजमापावर सही करणारा साइट इंजिनिअर नोकरी सोडून गेला आहे, म्हणून मोजमाप नव्याने घ्यावे लागेल, असे कारण दिले. स्लॅब आणि कॉलम ओळंब्यात नव्हते, ते काम दुसऱ्या सब-कॉन्ट्रॅक्टरचे होते, आणि ती चूक झाकण्यासाठी याच इंजिनिअरने आम्हाला जादा जाडीचा थर द्यायला लावला. आता परांची उतरली, रंगाचा पहिला हातही झाला. भिंतीच्या आत गेलेली ती जाडी मी कोणाला आणि कशी दाखवू? त्यावर कळस असा की सिमेंट बांधकाम कंपनीच पुरवत असल्याने, जादा थरात गेलेल्या गोण्या 'नासाडी' ठरवून त्यांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपातीची चिठ्ठी, माझ्याच नावावर फाडली आहे.

मिस्त्री आणि बिगारी शनिवारी पगार मागतात आणि तो त्यांचा हक्कच आहे. जीएसटी इनव्हॉइस घेतल्याशिवाय कंपनी बिल पुढे सरकवत नाही आणि इनव्हॉइस दिले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला न मिळालेल्या पैशांवरचा १८ टक्के जीएसटी खिशातून भरावा लागतो. रिटेन्शनचे, म्हणजे प्रत्येक बिलातून राखून ठेवलेले, पैसे तर दोषदायित्वाचा काळ (कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावरही मागत फिरावे लागते.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. तरीही वर्क ऑर्डरमध्ये 'मालकाकडून रक्कम आल्यावर' (म्हणजे प्रकल्पाच्या मालकाने कंपनीला पैसे दिल्यावरच आम्हाला मिळतील) हे कलम बिनदिक्कत छापले जाते, कारण तक्रार करणाऱ्याला पुढचे काम मिळत नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. त्यातच, माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामांना हा कायदा लागू होतो की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचे काम करणाऱ्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या नावावर बिल थकलेले नाही, त्याने उपकंत्राट घेतले असावे, असे सरकारकडून सांगण्यात आले. कागदावर नाव नसलेल्याचे आपण काही देणे लागत नाही, हे उत्तर सरकारच देत असेल, तर बांधकाम कंपन्यांना जाब कोण विचारणार?