स्लो म्हणे!

आज शाळेत ओपन हाऊस होतं. पहिलीचं. हाफ डे टाकून गेले, पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि ऐकायला काय मिळालं तर "चिमी गोड आहे हो, पण जरा स्लो आहे." पुरावा म्हणून गणिताचा पेपर पुढे सरकवला. १३ वजा ५. उत्तर ८, बरोबर. पण बाजूला तिनी तेरा टिंबं काढून पाच खोडली होती, त्याचा अर्धा मार्क कापलेला. "आता तोंडी यायला पाहिजे ना!"

आणि मी काय केलं? "हो मॅडम" म्हणून आले. तेच जास्त झोंबतंय म्हणून हे लिहितेय.

मे महिन्यात आम्ही माहेरी होतो, चिपळूणजवळ. भाचा अंगणात भोवरा फिरवायचा, नऊ वर्षांचा आहे तो. पहिले दोन दिवस ही नुसती बघत बसली. मग मागून घेतला, जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळली, फेकला, भोवरा धोंड्यासारखा पडला. परत. जाळी सैल. परत. इतकी घट्ट की सुटेचना. एकदा थेट तुळशीवृंदावनावर. असे अकरा दिवस. शिकवणी म्हणाल तर दादाचं "अगं आरेपासून वर गुंडाळ" (आर म्हणजे भोवऱ्याचा खालचा खिळा) आणि सहाव्या का सातव्या दिवशी पडवीत बसलेल्या माझ्या वडिलांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलेलं "जाळी ओली करून बघ". संपली शिकवणी. अकराव्या दिवशी दुपारी, सगळे आडवे झालेले असताना, तो फिरला. ही कुणाला उठवायला आली नाही. उकिडवी बसून एकटीच बघत होती, तो डुलत डुलत थांबेपर्यंत. मी खिडकीतून बघितलं.

ही मुलगी स्लो? सहाव्या दिवशी माझ्या वडिलांनी ओपन हाऊस घेतलं असतं तर भोवऱ्यात नापासच होती की ती!

आणि तो कावळा, ती चिमणी, ते पाखरू हे कुठल्या तक्त्यावरून शिकली ही? वीस वर्षं ठाण्यात राहिलेल्या माझ्या कलीगचं अजून "तो खुर्ची" चालू आहे, आणि हिला चौथं लागायच्या आत सगळं येत होतं. वर्कशीट नाही, टेस्ट नाही, काही नाही.

बरं, असं खेळता खेळता शिकणं हे काही अमेरिकेतून आलेलं फॅड नाही हो. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या आपल्याच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, १९४५ ला बोर्डीला जाऊन बसल्या, पुढे डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर. आदिवासी पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर या बायका शाळाच घेऊन कुरणात गेल्या. कुरणशाळा! खडे, शिंपले, बिया, पानं हेच सामान. त्यांच्याकडे कुणी टिंबांचे मार्क कापले असते का? आम्ही डहाणूला जातो, चिकू आणतो आणि परत येतो. २०२० च्या नव्या शिक्षण धोरणात पण आठ वर्षांपर्यंत खेळातून शिक्षण असं छापलंय म्हणे. छापलंय. आमची व्हॅन सकाळी पावणेसातला दारात हॉर्न मारते.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणारच, की वाचणं-लिहिणं बोलण्यासारखं आपोआप येत नाही, ते शिकवावंच लागतं. मान्य. आणि भोवरा फिरवून कुणी पोट भरत नाही, तेही मान्य. पण आरेपासून वर गुंडाळ हे सांगणं म्हणजे शिकवणंच होतं ना? फक्त सांगणाऱ्याच्या हातात लाल पेन नव्हतं.

खरं सांगू, मॅडमवर पण आता तितका राग राहिला नाही. त्यांचा आवाज बसला होता, समोरच्या चहावर साय धरलेली. एका वर्गात ४६ पोरं, प्रत्येकीचा भोवरा फिरेपर्यंत थांबायला वेळ कुठून आणणार ती बाई? वरून सिलॅबस, खालून आमच्यासारखे पालक. हो, आमच्यासारखेच. गेल्या रविवारी 'बिकॉज'चं स्पेलिंग चौथ्यांदा चुकलं म्हणून मी वही आपटली होती. चौथ्यांदा! अकरा दिवस खिडकीतून बघणारी मीच आणि वही आपटणारी पण मीच. तेव्हा तिनी खोडरबर घेऊन अख्खी ओळ पुसली, कागद फाटेपर्यंत. तो भोक पडलेला कागद आज ओपन हाऊसला पण होता. मॅडमनी त्याच्यावर गोल केलाय. तो गोल खरं तर माझ्या नावानी पाहिजे.

रिमार्कवर पालकांची सही करून उद्या पाठवायचीय. अजून केली नाहीये.

आत्ता हॉलमधून खटाक खटाक चाललंय, खालच्या काकूंचा फोन येईलच. बापाला शिकवतेय. "बाबा, आधी जाळी ओली करा." अर्धा तास झाला, ह्यांचा अजून आडवाच पडतोय.