'इंकप्रेमी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

इंकप्रेमी साहेब, नमस्कार. 'आपल्याला शोभणारी टॅटू स्टाईल' या माझ्या लेखावर एवढी मोठी कमेंट टाकलीत, आभार. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, यांचं म्हणणं असं की फाइन लाईनला, म्हणजे अगदी बारीक रेघांच्या टॅटूला, मी उगाच नावं ठेवली, सावळ्या कातडीवर रंग उठत नाहीत हे जुनाट मत आहे, प्लेसमेंटचा, म्हणजे टॅटू अंगावर कुठे काढायचा हा, मुद्दा फालतू आहे, आणि मग ते वाक्य, "जत्रेतलं गोंदण बघून मोठे झालेल्यांनी स्टाईलवर ज्ञान पाजळू नये." लेखाचं शीर्षक भडक होतं, मान्य, जरा सौम्य चाललं असतं. पण भाऊ, वाद घालायची पण काही रीत असते की नाही?

हो, जत्रेतलं गोंदण बघूनच मोठा झालो. नुसतं बघून नाही, माझे मोठे मामा सारंगखेड्याच्या यात्रेत मशीन घेऊन बसायचे, तिकडे घोडेबाजार आणि इकडे आमची सतरंजी, मी शाळा बुडवून त्यांच्याजवळ, काम एकच, गिऱ्हाईकाचं मनगट घट्ट धरायचं आणि फडक्याने शाई पुसत राहायचं. सुई सगळ्यांना तीच असायची, ते वाईटच होतं, आज कोणी तसं करत असेल तर तिथून सरळ उठून या, त्याचं समर्थन मी लेखात कुठे केलंय ते दाखवा. पण मामा नाव काढताना अक्षर मोठं आणि सुटं काढायचे, बाया भांडायच्या की नाजूक काढा, तर म्हणायचे, "आज नाजूक दखास, दहा वरीसमा बठ्ठं बुजी जाई." म्हणजे आज नाजूक दिसतंय, दहा वर्षांत सगळं बुजून जाईल.

आमच्या आत्याने हट्टाने बारीकच काढून घेतलं. आज तिच्या हातावरच्या 'श'ची गाठ भरून गेलीय, मात्रा वरच्या रेघेला चिकटलीय, नाव कोणाचं हे आधी माहीत असेल तरच वाचता येतं. त्याच्याच शेजारी पाच ठिपके आहेत, सुटे सुटे, ते अजून मोजून घ्या. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते, तिथल्या पेशी तिला धरून ठेवतात, तरी वर्षं जातात तशी रेघ थोडी पसरतेच, मग दोन रेघांत जागाच ठेवली नसेल तर ती पसरून जाणार कुठे? तुमच्या इंस्टावरच्या आर्टिस्टला हे कळत असेलही, पण तो फोटो कधीचा टाकतो? काढून झाल्या झाल्या, अजून लाली पण उतरलेली नसते तेव्हाचा.

आणि जत्रेला एवढं नाक मुरडता, तर ज्या ओल्ड स्कूलचं, म्हणजे जुन्या अमेरिकन टॅटू स्टाईलचं, तुम्ही त्याच कमेंटमध्ये तोंड भरून कौतुक केलंय ती वाढली कुठे? आर्ट गॅलरीत? त्या स्टाईलचा नावाजलेला आर्टिस्ट नॉर्मन कॉलिन्स, म्हणजे तुमचा सेलर जेरी, होनोलुलूत सुट्टीवर आलेल्या खलाशांची गोंदणं काढायचा. जाड काळी आउटलाईन, मोजके रंग, लांबून ओळखू येईल असं चित्र. आणि इलेक्ट्रिक मशीनचं पेटंट सॅम्युअल ओरायली या टॅटूवाल्याने न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली घेतलं, मामांच्या बॅटरीवरच्या मशीनचं कूळ तेच. स्टुडिओत एसी लावला की कला होते आणि सतरंजीवर बसलं की अडाणीपणा, हे कुठलं गणित?

बाकीच्यावर फार बोलत नाही. रंग उठत नाहीत असं मी म्हटलंच नव्हतं, पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी हे सावळ्या कातडीवर मावळतात एवढंच म्हटलं होतं, शाई आपल्या कातडीच्या रंगाखालून दिसते म्हणून. काळा, गडद लाल, गडद निळा टिकतो. तुम्ही रंगीत टॅटूंचे फोटो जोडलेत, पाहिले, छान आहेत, असो. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना अर्ध्या बाहीत मोटरसायकल हाणणारा माणूस आउटलाईन नसलेला वॉटरकलर टॅटू काढतो आणि सनस्क्रीनला हात लावत नाही, त्याचं काय होतं ते इकडे येऊन बघा.

प्लेसमेंट फालतू म्हणे! आमच्याकडची पोरं पहाटे चारला उठून आर्मी भरतीसाठी पळतात साहेब, तिथे कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला एवढाच चालतो, आदिवासी पोरांना त्यांच्या रीतीप्रमाणे असेल तर सवलत मिळते. छातीवर रिअलिझममधला, म्हणजे फोटोसारखा हुबेहूब, वाघ काढून मग मला मेसेज करतात, दादा आता काय करू. तुम्ही द्या त्यांना उत्तर.

फाइन लाईनवर अजून बोलायचं असेल तर पाच-सात वर्षं जुन्या टॅटूचा आजचा फोटो टाका, फिल्टर न लावता, मी लेखाखाली चिकटवतो. ताजा चालणार नाही. आणि भाषा जरा नीट वापरा, इथल्या कमेंटी माझी आई पण वाचते.