स्पेलिंगचा क्लास काढताय? कारण सांगू नका!

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास घुटमळू लागला की दोनच धंदे तेजीत येतात: कूलरच्या ताट्या बदलणं आणि इंग्रजीचा समर क्लास. ताट्यांना मेहनत लागते, म्हणून तुम्ही क्लास काढा. नंदनवन कॉलनीत एक खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पांढरा फळा, झालं भांडवल. विषय घ्या शब्दांना प्रत्यय लावण्याचा. यात गिऱ्हाईक तुटत नाही, कारण या महिन्यात नियम शिकवला की अपवादांसाठी पुढच्या महिन्याची फी घेता येते.

पथ्य एकच. नियम कशासाठी आहे, ते पोरांना कळू द्यायचं नाही.

आशा करणं म्हणजे ‘होप’. शेवटचा मुका ई आयएनजी लागताच गळतो, पी एकच राहतो. लंगडी घालणं म्हणजे ‘हॉप’, तिथे मात्र पी डबल. मामाला ‘भेटायची आशा आहे’ लिहिताना एक पी जास्त पडला, की भाचा खामल्याहून लंगडी घालत निघालाच. एखादं पोरगं विचारेलच, “सर, यात दोन पी काऊन आले?” उत्तर तसं एका वाक्याचं आहे: व्यंजन डबल केलं की आधीचा स्वर आखूडच वाचायचा, ही वाचणाऱ्याला दिलेली खूण. पण हे सांगितलंत तर ‘डायनर’ला एक एन आणि ‘डिनर’ला दोन, हे ते स्वतःच ओळखेल आणि जूनमध्ये तुमच्या खुर्च्या रिकाम्या. त्यापेक्षा लाल पेनने दोन्ही पींना गोल करा, मागच्या पानावर उमटेल इतकं दाबून. खाली लिहा, ‘वीस वेळा’. सर वही तपासतात, हे पालकांना पाठीमागूनही दिसलं पाहिजे.

‘नोटिस’ला एबल लावताना ई का टिकतो, हे तर कुलपात ठेवा. ई हलला की सी थेट ए-शेजारी येतो आणि त्याचा ‘क’ होतो, म्हणून ई तिथे पहाऱ्याला. ‘पिकनिक’ला आयएनजी लावताना मध्ये के घुसतो, तोही उच्चार राखायलाच. नाहीतर अंबाझरीला गेलेली मंडळी ‘पिकनिसिंग’ करून परततील.

‘बिगिनिंग’मध्ये डबल एन, ‘ओपनिंग’मध्ये एकच. ‘रिफर्ड’ला डबल आर, ‘रेफरन्स’ला नाही. जोर शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यावर, असेल तर डबल, एवढाच मामला. पण तो समजावायला शब्द तोंडाने म्हणून दाखवावा लागतो. तुमच्या इंग्रजीच्या क्लासात इंग्रजी बोलायची पद्धत नसेल, तर आता उगाच पाडू नका.

अपवादांवर मात्र मनसोक्त रेंगाळा. ‘आर्ग्युमेंट’मधला ई कुठे गेला, हे अशा आवाजात विचारा की पोराने स्वतःचे खिसे चाचपावेत. कपडे रंगवण्याच्या ‘डाइंग’मध्ये ई असतो, मरण्याच्या ‘डाइंग’मध्ये नसतो. ज्याच्या बापाचं रंगाईचं दुकान आहे, त्याला ‘माझे बाबा काय करतात’ हा निबंध हमखास द्या.

कुणाचा काका न्यू जर्सीहून आला तर सांभाळा. आपण ब्रिटिशांच्या मागे जाऊन ‘ट्रॅव्हलिंग’ला दोन एल देतो, अमेरिकेचा कोशकार नोआ वेब्स्टर याने १८२८ च्या कोशात एकावर भागवलं. जोराच्या नियमाने पाहिलं तर बरोबर वेब्स्टरच, कारण ‘ट्रॅव्हल’चा जोर पहिल्या अवयवावर. पण वाद नको. “ते तिकडचं झालं, इकडे मार्क जातात,” म्हणा.

महिनाअखेरीला आई येईल. “सर, याले स्पेलिंग काही जमूनच नाही राहिलं.” तिला सांगा, “बेसिक कच्चं आहे.” या वाक्याचा पुरावा अजून कोणी मागितलेला नाही.

बोर्ड रंगवाल तो ‘नागपूरात प्रथमच’ असाच रंगवा. प्रत्यय लागला की ‘पू’ ऱ्हस्व होतो, ‘नागपुरात’ असं हवं, १९६२ पासूनच्या शुद्धलेखनाच्या नियमांत तसं आहे, असं सांगायला एखादे निवृत्त मराठीचे मास्तर सायकल थांबवतील. त्यांना कोपऱ्यावर तर्री-पोहे खाऊ घाला आणि आदराने विचारा, “सर, तुमच्या मराठीच्या क्लासला सध्या किती पोरं आहेत?”