खुलासा: चेझारे कान्तूची अटक आणि कादंबरी, आधी काय?

‘मार्गेरिता पुस्तेर्ला’ ही कादंबरी लिहिल्याबद्दल इटालियन इतिहासकार चेझारे कान्तूला तुरुंगात टाकलं, असा मजकूर सध्या फिरतो आहे. हा क्रम उलटा आहे.

मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. कोमो शहराचा इतिहास लिहून नाव झालेल्या कान्तूला पोलिसांनी राजकीय संशयावरून पकडलं ते १८३३ मध्ये. सुटका साधारण वर्षभराने झाली. कादंबरी छापली गेली १८३८ मध्ये, म्हणजे ती अटकेचं कारण असूच शकत नाही.

घोटाळा बहुधा यातून झाला असावा, की ती आकाराला आली कोठडीतच. लेखनसाहित्य मिळत नव्हतं. मेणबत्तीची काजळी हीच शाई, दात कोरायची काडी हीच लेखणी आणि कागदाऐवजी चिंध्या! असं लिहिलेलं पुस्तक निव्वळ अटकेचं निमित्त म्हणून सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कथानक सगळं काल्पनिक आहे, हेही खरं नाही. मिलानचा सत्ताधीश लुकिनो व्हिस्कोन्ती याच्याविरुद्ध फ्रांचेस्को पुस्तेर्लाने केलेला कट आणि १३४१ मधला त्याचा मृत्युदंड हा इतिहास आहे. संवाद मात्र कान्तूचे.

सुटकेनंतर त्याला शिकवायला बंदी होती. पोट लेखणीवरच भरायचं होतं. तूरिनचा प्रकाशक पोंबा याने जगाच्या इतिहासाचं प्रचंड काम त्याच्यावर सोपवलं ते यानंतर.