डोंगर दिसणारी खिडकी आणि ओढलेला पडदा

परवा एका मैत्रिणीनं घराचे सात फोटो पाठवले. तिची नोकरी आता कायमची रिमोट झाली आहे, ऑफिसला जायची गरजच उरली नाही. फोटोंत दरी, धुकं, गच्ची, लाकडी कठडा. खाली एवढंच: ‘घेऊ का?’ तिला उत्तर लिहायला बसले आणि ते लांबत गेलं, म्हणून तिला विचारून इथेच टाकतेय.

तर बाई, मी हे करून बसलेय. काम घरून करायचं ठरलं त्याच आठवड्यात मी डोंगर दिसणारी खिडकी शोधायला लागले होते. मिळालीही. खिडकी पश्चिमेची. टेबल तिच्याकडे तोंड करून लावलं तर दुपारी दोननंतर ऊन थेट डोळ्यांत. पाठ करून लावलं तर स्क्रीनवर उजेड आणि कॅमेऱ्यात माझी नुसती काळी आकृती. मीटिंगमध्ये एकानं म्हटलंसुद्धा, ‘ओळख लपवलेल्या साक्षीदारासारख्या दिसताय.’ शेवटी जाड पडदा आणला. ज्या डोंगरासाठी बिऱ्हाड हलवलं तो मला रविवारीच दिसायचा. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात, पण त्या बिचाऱ्याला दोष नाही. तो जवळूनही साजराच होता, मीच पडद्याआड होते.

यावर संशोधन झालंय हे मला फार उशिरा कळलं. डॅनियल कानमन आणि डेव्हिड श्काडे या अभ्यासकांनी 1998 साली छापलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या थंडगार मध्य-पश्चिम भागातल्या आणि उबदार दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडचं समाधान जवळपास सारखंच निघालं. पण ‘तुमच्यासारखाच कुणी तिकडे राहत असेल तर?’ असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांना वाटलं की कॅलिफोर्नियावाला जास्त सुखी असणार. दोन जागांची तुलना करताना आपल्याला फक्त त्यांच्यातला फरक दिसतो, म्हणजे हवा, देखावा. दिवसातलं बाकीचं सगळं दोन्हीकडे तेच असतं, ते हिशेबात येत नाही.

इंटरनेटचं सगळे सांगतात, म्हणून मी एकच सांगते. घरमालकानं ‘नेट एकदम फास्ट आहे’ म्हटलं की विचार, फायबर आहे की उपग्रहावरचं? माझ्याकडे उपग्रहावरचं होतं, जुन्या पद्धतीचं. तो उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंच. माझा आवाज तिथवर जाऊन खाली उतरणार, समोरच्याचं उत्तर त्याच वाटेनं परत येणार, म्हणजे प्रकाशाच्या वेगानंसुद्धा जवळजवळ अर्धा सेकंद गेला. सिनेमा बघायला काही फरक पडत नाही. पण मीटिंगमध्ये मी तोंड उघडेपर्यंत दुसऱ्यानं सुरुवात केलेली असायची. मग ‘नाही नाही, तुम्ही बोला.’ असं सात-आठ वेळा झालं की माणूस बोलायचंच सोडतं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे आलं, ‘चर्चेत सहभाग कमी.’ काय बोलणार! (खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं आता बरंच बरं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.)

पण मी तिथून परत आले ती नेटमुळे नाही. पाचव्या महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी सहजच लक्षात आलं की सोमवारपासून मी स्क्रीनबाहेरच्या एकाही माणसाशी बोललेले नाही. दाराशी पार्सल ठेवून गेलेल्या मुलाची पाठ तेवढी दिसली होती.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत नऊ महिने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे, 2015 साली तो छापून आला. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळे सांगतात. पुढचं कुणी फारसं सांगत नाही: प्रयोग संपल्यावर निवडायची मुभा दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले निम्मे लोक आपणहून ऑफिसात परतले, आणि त्याचं मोठं कारण होतं एकटेपणा. ऑफिस आपल्याला पगाराबरोबर माणसंही देत होतं, न मागता. जिन्यात भेटणारी, विनाकारण डोकं खाणारी, ‘बरं नाही का?’ म्हणणारी. ऑफिस गेलं की ही सगळी रसद एका दिवसात तुटते आणि ती पुरवायची जबाबदारी येते घराच्या पत्त्यावर. म्हणून रिमोट काम करणाऱ्यानं खरं तर ऑफिसला जाणाऱ्यापेक्षा जास्त वर्दळीच्या जागी राहायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. आपण नेमकं उलटं करतो. ‘आता कुठेही राहता येतं’ म्हणत थेट रानात.

तू म्हणशील, ‘शेजारी ओळखी होतीलच की.’ होतात, पण अंतर बघ. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या अभ्यासकांनी 1950 साली छापलेल्या अभ्यासात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीत मैत्र्या मोजल्या. अगदी शेजारचं दार असलेल्यांत 41 टक्के जोड्यांची मैत्री, त्याच मजल्यावर चार दारं पलीकडे 10 टक्के. चार दारं! आणि डोंगरात शेजारी म्हणजे पुढच्या वळणावरचा बंगला. जेफ्री हॉल या अभ्यासकाचा 2018 चा हिशेब असा, की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकत्र जावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला 200 च्या वर. हे तास ठरवून भेटून भरत नाहीत. ते जाता-येता, पाच-पाच मिनिटांनी भरतात.

अमेरिकेतल्या टल्सा शहराची योजना मला याचसाठी हुशारीची वाटते. 2018 पासून ते रिमोट काम करणाऱ्यांना तिथे येऊन वर्षभर राहण्याचे 10,000 डॉलर देतात. बातम्या पैशांच्याच झाल्या. पण सोबत एकत्र बसून काम करायची जागा आणि भेटीगाठींचे कार्यक्रमही देतात. पैशांनी माणूस येईल, टिकायला त्याला ओळखीची तोंडं लागतात, हे त्यांना कळलेलं दिसतं.

परदेशात जाऊन राहायचं डोक्यात असेल तर वेगळं प्रकरण आहे. बार्बाडोस आणि एस्टोनिया यांनी 2020 मध्येच अशा लोकांसाठी खास व्हिसा काढले, नंतर बऱ्याच देशांनी. पण पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणं अनेक ठिकाणी नियमात बसत नाही, आणि कित्येक देशांत वर्षातले 183 दिवस राहिलीस की तू तिथली करदाती ठरू शकतेस. कंपनीला न सांगता जाऊ नकोस, एवढंच. घड्याळही बघ. दहा तासांच्या फरकात एका बाजूच्याची रात्र कायमची जाते, आणि ती बाजू सहसा मॅनेजरची नसते.

आणि हो, ‘कायमची रिमोट’ हे कुठे लिहून दिलंय का? ॲमेझॉननं जानेवारी 2025 पासून आपल्या ऑफिस कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं, तेव्हा लांब जाऊन घर मांडलेल्यांची काय तारांबळ उडाली असेल विचार कर. म्हणून विकत तर मुळीच घेऊ नकोस. भाड्यानं राहा, अकरा-बारा महिने. आणि त्याआधी एक महिना राहून बघ, तोही तिथला सगळ्यात वाईट महिना निवडून. सुट्टी टाकून नाही, काम करत. मंगळवारी दुपारी वीज गेली तर काय होतं, ताप आला तर कुणाला हाक मारायची, दिवसभरात आपलं नाव कुणी एकदा तरी घेतलं का, हे त्या महिन्यात कळतं.

तुझं वेगळं असू शकतं, मान्य. तुम्ही चौघं आहात, घरातच गोंगाट आहे, तुला खरंच शांतता हवी असेल. मी एकटी होते. शिवाय मला डोंगर आवडत नाहीत असंही नाही, आजही दोन महिन्यांतून एकदा जाते, दोन दिवस राहते, पडदा उघडा ठेवून. सध्याच्या घराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावर पाण्याचा ओघळ आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी रोज अकराच्या सुमारास चष्मा कुठे ठेवला ते विचारायला येतात. मीटिंग चालू असली तरी येतात. तो बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यावरच असतो.

तुझे ते सात फोटो परत नीट पाहिले. सगळे सूर्यास्ताचे आहेत. घरमालकाला सांग, मंगळवारी दुपारी तीनचा एक पाठव, घराच्या आतून काढलेला. आणि शेजारचं दार दिसत असेल तर त्याचाही.