झेडपीच्या शाळेत नेट कशाला? – फिरणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. पालक तो पाठवतात, निवृत्त गुरुजी पाठवतात, सोसायटीतले काकाही पाठवतात. त्याचा सारांश असा: महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत स्मार्ट बोर्ड, टॅब आणि इंटरनेटवर पैसे घालणं ही उधळपट्टी आहे. छत गळतंय, शिक्षक नाहीत, आधी ते बघा. आजवर घेतलेली यंत्रं धूळ खात पडली आहेत. मोबाईल आता घरोघरी आहे. स्वीडननेसुद्धा स्क्रीन काढून पुस्तकं परत आणली. आणि पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, असा घसरत असताना, उद्या बंद होणाऱ्या शाळेत वायफाय लावायचं कोणासाठी?

माझी मुलगी झेडपीच्या शाळेत शिकली आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक म्हणून होतो. या मजकुरातली चीड मला कळते, तिच्यातली निम्मी माझीही आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि त्याची किंमत मोजणार आहेत ती अशी मुलं, ज्यांना या शाळेशिवाय दुसरी जागा नाही.

“आधी छत आणि शिक्षक, मग नेट.”

हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं, पण सरकारी पैसा असा एका डब्यातून दुसऱ्यात ओतता येत नाही. झेडपीच्या शिक्षकाचा पगार राज्य सरकार देतं आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते. शाळेने राउटर घेतला नाही म्हणून एकही रिकामं पद भरलं जात नाही. शाळांना पैसा देणाऱ्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत बांधकामाचं लेखाशीर्ष वेगळं आणि संगणकाचं वेगळं. सहावी ते बारावीच्या संगणक कक्षासाठी एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि पुढे ५ वर्षं दरवर्षी २.४० लाखांपर्यंत तरतूद आहे. स्मार्ट वर्गासाठी एकदाच २.४० लाख आणि चालवायला वर्षाला ३८ हजार. जिल्ह्याने हे मागितलं नाही, तर त्या पैशातून छतावर एक पत्राही चढत नाही.

खरी ओढाताण होते ती मोकळ्या पैशावर: झेडपीचा स्वतःच्या उत्पन्नातला सेस फंड, महापालिकेचा स्वतःचा अर्थसंकल्प आणि शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान. समग्र शिक्षेच्या निकषात १०१ ते २५० पटाच्या शाळेला हे अनुदान वर्षाला ५० हजार. खडूपासून शौचालयाच्या सफाईपर्यंत सगळं त्यातच. तिथे छत की टॅब असा प्रश्न आला, तर मीही छतालाच हात वर करीन. पण फायबरच्या जोडणीचं भाडं महिन्याला पाचशे ते हजार रुपये असतं. तेवढं वाचवून कुठलंही छत होत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक दार आहे आणि त्याकडे लक्ष फार कमी जातं. उमरेड, सावनेर, कामठी या पट्ट्यात कोळसा निघतो, रामटेककडे मनसर-कांद्रीला मँगनीज. कोळसा काढणारी वेकोलि आणि मँगनीज काढणारी मॉइल या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. २०१५ च्या खाणकायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, म्हणजे खाणवाल्यांकडून पैसा घेऊन खाणीची झळ बसलेल्या गावांवर खर्च करणारी संस्था. त्यातला किमान ६० टक्के पैसा प्राधान्याच्या कामांवर खर्चावा, असं मूळ मार्गदर्शक तत्त्वांत होतं आणि त्या कामांत शिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. खाणीची धूळ ज्या गावांवर बसते, तिथल्या शाळेची वीज आणि नेट या पैशातून मागणं हा हक्क आहे, उपकार नाही.

“आधीचं सगळं धूळ खात पडलंय.”

हा मजकुरातला सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो बव्हंशी खराही आहे. म्हणूनच यावर जास्त थांबतो. यंत्रं का पडून राहिली, ते कोणी नीट विचारत नाही. कारणं गूढ नाहीत. शाळेच्या ऑफिसात अर्धा तास बसलं तरी कळतात.

पहिलं कारण वीजबिल. बोर्ड बसवणारी योजना बिल भरत नाही. वीज नियामक आयोगाने सरकारी शाळांसाठी सार्वजनिक सेवेचा वेगळा दर ठेवला हे चांगलंच झालं, तरी बिल शेवटी त्याच संयुक्त अनुदानातून किंवा गुरुजींनी केलेल्या वर्गणीतून जातं. थकलं की महावितरणचा माणूस येतो, आणि त्या दिवसापासून लाखाचं यंत्र भिंतीवरचं शोपीस होतं.

दुसरं कारण आपलं ऊन. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. पण यूपीएसच्या बॅटऱ्या त्या काळात बंद, तापलेल्या खोलीतच पडलेल्या असतात. लेड-ॲसिड बॅटरीचा साधा हिशोब असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या छताखाली काय होत असेल! निविदेत मात्र पुण्यात घ्यावी तीच बॅटरी लिहिलेली असते आणि दोन उन्हाळ्यांनंतर ती बदलायचे पैसे कुठेच लिहिलेले नसतात.

तिसरं कारण बाहेरच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही: डेडस्टॉक रजिस्टर. वस्तू शाळेत आली की मुख्याध्यापकाच्या सहीने त्यात चढते. चोरी झाली, पडून फुटली, तर चौकशी आणि वसुली त्याच्याच मानेवर. आमच्या शाळेतला प्रोजेक्टर कपाटात का असतो, असं मी समितीच्या सभेत विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. काही झालं तर पेन्शन अडकते.” त्यांना तंत्रज्ञानाचा तिटकारा नव्हता. वस्तूचा विमा नव्हता, एवढंच.

यात करार संपल्यावर निघून जाणारे संगणक निदेशक धरा, एका दिवसात उरकलेलं प्रशिक्षण धरा, आणि मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या महापालिका शाळांत एकाच भाषेतलं साहित्य भरून पाठवलेले पेन ड्राइव्हही धरा. म्हणजे खरेदी झाली, ती चालवण्याचा आराखडा झाला नाही. याला उत्तर खरेदीच बंद करणं हे कसं काय?

चालवून दाखवलेली उदाहरणं आहेत. केरळने सरकारी आणि अनुदानित अशा ४,७५२ शाळांतल्या ४५,००० वर्गखोल्या हायटेक केल्या. पण यंत्रांसोबत ५ वर्षांची वॉरंटी, वस्तूंचा विमा आणि तक्रारीसाठी कॉल सेंटर व पोर्टल हे सगळं आधीच ठरवून घेतलं. सॉफ्टवेअर मुक्त वापरलं, म्हणून परवान्याचे पैसे वाचले. मागे उभी राहायला काइट ही त्यांची स्वतःची यंत्रणा होती, आणि तिची मुळं २००१ च्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पापर्यंत जातात. कंत्राटदार बदलला म्हणून तिथे काम थांबत नाही.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ई-रेट नावाची योजना आली. शाळेच्या जोडणीवर २० ते ९० टक्के सवलत मिळते, शाळा जितकी गरीब तितकी जास्त. पण अर्ज करणाऱ्या शाळेला लिहून द्यावं लागतं की घेतलेली सेवा नीट वापरायला लागणारे संगणक, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, देखभाल आणि पुरेशी वीज यांची सोय आपण केली आहे. वीज! हा एक रकाना आपल्या अर्जात असता, तर अर्धी यंत्रं आज चालू असती. त्या योजनेचा पैसा दूरसंचार कंपन्यांकडून गोळा होणाऱ्या निधीतून येतो. तसा निधी आपल्याकडेही आहे. त्याचं आताचं नाव डिजिटल भारत निधी आणि भारतनेट त्यातूनच चालतं.

भारतनेट ही केंद्राची योजना फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी आहे. शाळा तिथून चारशे-पाचशे मीटरवर. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. पण आपल्या झेडपीच्या बहुतेक शाळा प्राथमिक आणि उच्च प्राथमिक आहेत, म्हणजे त्या घोषणेबाहेर. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या रामटेक-पारशिवनीच्या गावांत तर मोबाईलचा टॉवरही भरवशाचा नाही. हा शेवटचा तुकडा कोण जोडणार, हे जिल्ह्यालाच ठरवावं लागेल. तेही बोर्ड घ्यायच्या आधी.

वेग किती लागतो, हेही आधी मोजता येतं. एका स्मार्ट बोर्डावर, म्हणजे फलकावर, चांगल्या प्रतीचा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो. पाच वर्गांत एकाच वेळी चालला तरी २५. शंभराच्या जोडणीत हे आरामात बसतं. पण तिथेच ३० टॅब वाटून प्रत्येकावर व्हिडिओ लावला, तर दीडशे लागतात आणि सगळंच अडकतं. म्हणून पहिल्या वर्षी जोडणी, वीज आणि वर्गागणिक एक फलक. टॅब नंतर, आणि दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य आधी उतरवून ठेवून.

“मोबाईल तर घरोघरी आहे.”

आहे. असर या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. पण त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारी मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के. फोन असणं आणि त्यावर शिकणं यांच्यामध्ये एक मोठं माणूस लागतं. ते शाळेत असतं. कळमन्याच्या बाजार यार्डात हमाली करणाऱ्या बापाचा फोन सकाळीच त्याच्यासोबत निघून जातो. संध्याकाळी घरी आला तर आधी दादा, मग ताई.

शिवाय शाळा आजही नेटशिवाय चालतच नाही. ते नेट गुरुजींच्या खिशातलं असतं, एवढंच. पोषण आहाराची रोजची माहिती, यूडायस, सरल, अपार या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी, हजेरीचा चॅटबॉट, सगळं शिक्षक स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या रिचार्जवर भरतात. सरकारला माहिती हवी असते तेव्हा शाळेत इंटरनेट गृहीत धरलं जातं. मग तेच मुलांसाठी मागितलं की उधळपट्टी कशी होते?

आणि हीच मुलं पुढे कुठे जातात? अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन आहे. इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी संगणकावर होते. इंग्रजी शाळेतलं पोर तिथे पोहोचेपर्यंत दहा वर्षं माउस हाताळून आलेलं असतं. आपल्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा माउस धरायचा तो सीईटीच्या दिवशी, हे मला मान्य नाही.

“स्वीडनने स्क्रीन काढले.”

स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले आणि लहान मुलांचा स्क्रीनवरचा वेळ कमी करायचं ठरवलं, हे खरं. कारण तिथे बऱ्याच वर्गांत पुस्तकांची जागा उपकरणांनी घेतली होती. शाळांचं इंटरनेट त्यांनी तोडलेलं नाही. आपल्याकडे बालभारतीची पुस्तकं सरकारी शाळेतल्या मुलांना पहिलीपासून आठवीपर्यंत मोफत मिळतात आणि ती मिळालीच पाहिजेत. अति झालं म्हणून हात आखडणाऱ्याचा दाखला, ज्याच्या ताटात अजून वाढलंच नाही त्याला देऊन कसं चालेल? त्या निर्णयातून आपण एक गोष्ट जरूर घ्यावी: पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात टॅब नको. त्यांना पाटी, गोष्टी आणि मैदान हवं.

बाकी पुरावा बघायचा तर दोन्ही बाजूंचा बघा. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. दिल्लीत मुलाच्या पातळीप्रमाणे सराव देणारं माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरलं. सोबत लहान गटाला शिकवणारा माणूसही होता. तिथे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही ठळकपणे सुधारलं, आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांनाही तितकाच लाभ झाला. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तर यातून एवढंच घेतो की यंत्र वाटू नका, तास आखा आणि त्या तासाला शिक्षक द्या.

“पट घसरतोय, शाळा बंदच होणार.”

पट घसरण्याचं एक कारण पालक उघड सांगतात: कॉन्व्हेंटमध्ये कॉम्प्युटर आहे. सोयी काढून घ्यायच्या आणि मग पोरं गेली म्हणून शाळेला टाळं लावायचं, हे मला पटत नाही. दोन शिक्षक आणि पाच वर्ग अशा शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी वाचत असताना दुसरीकडे चौथीला फलकावर प्रयोग दाखवता येणं ही चैन नाही. तीच सोय आधी हवी आहे. आणि शाळा बंद करून मुलांचं दुसऱ्या शाळेत समायोजन झालंच तर राउटर आणि फलक मुलांबरोबर नव्या शाळेत जातात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ सांगतं की शाळेचा विकास आराखडा व्यवस्थापन समितीने करायचा आणि अनुदानाचं नियोजन त्याच्या आधारे व्हायचं. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. हा मजकूर पुढे ढकलण्याआधी आपल्या शाळेचा आराखडा मागून बघा. त्यात वीजबिल, बॅटरी बदल, विमा, नेटचं भाडं आणि बिघाड झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती, हे रकाने आहेत का ते तपासा. नसतील तर पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. महापालिकेची शाळा असेल तर सिव्हिल लाइन्सला, शिक्षण विभागात. पोच घ्यायला विसरू नका.